एक वीत खाली

ही गोष्ट सांगायची मी नऊ वर्षं टाळली. टाळण्याच्या माझ्या पद्धती ठरून गेल्या होत्या. गणपतीला जमलेल्या मंडळींपैकी कोणी "काका, तुम्ही कंपनीत नेमकं काय करायचात?" असं विचारलं की मी "मोजमापाचं काम" म्हणायचो आणि चिवड्याची बशी पुढे करायचो. मुलीनं विचारलं तर लेझरच्या तरंगलांबीपासून सुरुवात करायचो; पाच मिनिटांत ती "हो, हो, पापा" म्हणत फोन काढायची. बायकोला मी अर्धं सांगितलं होतं, आणि त्या अर्ध्यातही एक खोटं होतं. ज्याला खरं सांगायला हवं होतं तो माणूस गेल्या पानगळीत वारला. म्हणजे आता माझं कोणी काही वाकडं करू शकत नाही, आणि नेमकं आत्ताच मला लिहावंसं वाटतं आहे. यावरून माझी लायकी काय ते वाचणाऱ्यानं ठरवावं.

जर्मनीत इंगोलश्टाटच्या बाहेर, गाडीनं वीस मिनिटांवर, आमची साठ-सत्तर माणसांची कंपनी होती. मोटारींसाठी अंतर मोजणारे सेन्सर बनवायचे हा धंदा. मी सॉफ्टवेअर विभागाचा प्रमुख. मोटारींच्या ऑर्डरी कमी झाल्या तेव्हा मालकांना एका प्रदर्शनात कल्पना सुचली, की हेच लेझर शिकारीच्या धनुष्यावर बसवावं. धनुष्यावर नेम धरायला जी खूण असते तिला साइट म्हणतात. साध्या साइटमध्ये एकाखाली एक पिना असतात, वीस मीटरची एक, तीस मीटरची एक, आणि जनावर किती लांब आहे ते शिकाऱ्यानं डोळ्यानं ठरवायचं असतं. आमच्या साइटमध्ये डोळ्याला ते काम नव्हतं. मुठीवर एक बटण. ते दाबलं की लेझर जातो, समोरच्या वस्तूवर आपटून परत येतो, आणि काचेवर बरोबर त्या अंतरासाठी एक हिरवा ठिपका उमटतो. ठिपका जनावराच्या छातीवर ठेवायचा आणि बाण सोडायचा. इतकं सोपं, की ज्याला जंगलात दोन तास गप्प बसता येत नाही त्यालाही मारता यावं.

जर्मनीत धनुष्यानं जनावर मारायला कायद्यानं बंदी आहे. हे आमच्यापैकी प्रत्येकाला ठाऊक होतं आणि त्याची लाज वाटण्याऐवजी आम्हाला त्याचा आधारच वाटायचा. माल इथे बनायचा आणि जिथे परवानगी आहे तिथे जायचा. रक्त सांडायचं ते आमच्या हद्दीबाहेर. आमच्या हद्दीत फोमची जनावरं होती. जंगलात वाटेवाटेनं फोमची हरणं, रानडुकरं, अस्वलं उभी करून त्यांच्यावर बाण मारायचा इथे लोकांना छंद आहे. अशा जागेला बोगेनपार्कूर म्हणतात. आम्ही चाचण्या तिथे करायचो. रविवारी त्याच वाटेनं आजीआजोबा नातवंडांना घेऊन यायचे आणि फोमच्या हरणाच्या पोटात रुतलेले बाण उपटून खिदळायचे. तेव्हा मला त्यात काही वावगं दिसत नव्हतं. आता तो तापलेल्या फोमचा रबरी वास नुसता आठवला तरी घशाशी येतं.

मी जन्मात अंडंसुद्धा खाल्लेलं नाही. कंपनीच्या कँटीनमध्ये माझा डबा वेगळ्या फ्रिजमध्ये असायचा आणि त्याचा मला अभिमान होता.

"मी फक्त अंतर मोजतो," असं मी एकदा बायकोला म्हणालो.

"अहो, पण त्या अंतराच्या टोकाला कोण उभं असतं?"

"फोमचं हरीण."

"आणि विकल्यावर?"

"विकल्यावर ते गिऱ्हाइकाचं."

"वा! म्हणजे खाटकाच्या सुरीला धार लावून द्यायची आणि घरी येऊन एकादशी करायची. छान आहे तुमचं."

मी हसलो होतो. तिनंही हसत हसतच म्हटलं होतं. पण त्यानंतर तिनं माझ्या कामाबद्दल विचारणं सोडून दिलं, आणि मला ते सोयीचं वाटलं.

चाचण्यांचं काम ज्याच्याकडे होतं तो मुळात टूलमेकर. सोळाव्या वर्षी शिकाऊ म्हणून कारखान्यात लागलेला, माझ्याहून तीन वर्षांनी मोठा, बोटं जाड, अक्षर मात्र शाळेतल्या पुस्तकासारखं. स्वतः तरुणपणापासून धनुष्य चालवायचा, पण साधं, लाकडी, साइट नसलेलं. आमच्या यंत्राला तो तुच्छ मानायचा आणि तरीही ते तपासायचा अत्यंत इमानानं. प्रत्येक चाचणीचा एक कागद असायचा. त्यावर खाली दोन चौकटी: एक 'ई.ओ.', म्हणजे ठीक, आणि दुसरी 'एन.ई.ओ.', म्हणजे ठीक नाही. एकदा मी त्याला म्हणालो, मधली एखादी चौकट हवी, चालून जाईल अशी. आमच्या भाषेत त्याला एकच शब्द आहे, 'चालेल'.

"आमच्याकडे पण आहे," तो म्हणाला. "पास्ट शो. फाटक दुरुस्त केल्यावर म्हणतात. किंवा बायकोनं विचारलं, केस कसे कापलेत, तर म्हणतात. कागदावर नाही म्हणत."

अकरा वर्षं आम्ही एकमेकांना 'झी' म्हणत होतो, म्हणजे आपल्या 'तुम्ही'सारखं. मग एका संध्याकाळी, पार्कूरमधल्या लाकडी बाकावर, तो बिअर पीत होता आणि मी सफरचंदाचा सोडा, तेव्हा त्यानं बाटली माझ्या बाटलीला लावली आणि आपलं पहिलं नाव सांगितलं. जर्मनीत याचा अर्थ ठरलेला आहे. आजपासून 'डू', म्हणजे 'तू'. मोठ्यानं देऊ करायचं असतं, धाकट्यानं घ्यायचं असतं, आणि एकदा घेतलं की परत देता येत नाही. मीही माझं नाव सांगितलं. त्यानं ते तीन वेळा चुकीचं म्हटलं, चौथ्यांदा बरोबर.

मला मात्र ते 'डू' जिभेवर बसेना. मोठ्या माणसाला अरे-तुरे करायची सवय कुठली असणार? मी सर्वनाम टाळून वाक्यं करायला लागलो. "कॉफी हवी का?" "कागद तयार आहे का?" जर्मनमध्ये हे फार विचित्र वाटतं. चार-पाच दिवसांनी तो म्हणाला, "तू माझ्याशी रेल्वे स्टेशनवरच्या घोषणेसारखा का बोलतोस?" घरी सांगितलं तर बायको म्हणाली, "बरोबरच आहे. वडीलधाऱ्या माणसाला 'तू' म्हणायचं म्हणजे शोभतं का? त्यांना सांगा, आमच्यात अहो-जाहो करतात." मी त्याला तसं समजावून सांगितलं. आमच्यात ज्याचा आदर करायचा त्याला 'तुम्ही' म्हणतात. त्यानं विचार केला आणि म्हणाला, "मग आदर कमी कर. मला मित्र चालेल." 'चालेल' हा शब्द त्यानं मराठीतून म्हटला. तो त्यानं माझ्याकडूनच उचलला होता.

हे सगळं सांगण्याचं कारण पुढे येईल.

साइट बाजारात जायच्या आधीच्या उन्हाळ्यात त्याला एक दोष सापडला. लेझरचा किरण सुईसारखा बारीक राहत नाही, जसजसा लांब जातो तसतसा रुंदावतो. जनावर उंच गवतामागे उभं असेल आणि गवत ओलं असेल, तर किरणाचा काही भाग गवतावरून परत येतो आणि काही जनावरावरून. म्हणजे उत्तरं दोन येतात. गवत सव्वीस मीटरवर, जनावर चौतीसवर. यंत्रानं सव्वीस मानलं तर ठिपका सव्वीसचा पेटतो, आणि बाण चौतीसवर पोचेपर्यंत एक वीत खाली गेलेला असतो. छातीच्या जागी पाय.

"दोन उत्तरं आली तर यंत्रानं तोंड बंद ठेवावं," तो म्हणाला. "ठिपका पेटवूच नये. ज्याला माहीत नाही त्यानं बोलू नये."

मी तसं केलं. काम दोन दिवसांचं होतं. उत्तरं दोन आली की काच कोरी राहायची. त्यानं पार्कूरच्या खालच्या अंगाला न कापलेल्या कुरणात फोमचं हरीण उभं केलं, पाण्याच्या झारीनं गवत भिजवलं, आणि समाधानानं 'ई.ओ.'वर खूण केली.

मग परदेशातून एक मोठा घाऊक खरेदीदार आला. मालकांनी त्याला कुरणात नेलं, मी बरोबर होतो. सकाळचं दव होतं. त्या माणसानं धनुष्य उचललं, बटण दाबलं. काच कोरी. पुन्हा दाबलं. कोरी. त्यानं साइटवर टिचकी मारली, जशी आपण बंद पडलेल्या घड्याळावर मारतो. मालकांचा चेहरा उतरला.

दुपारी त्यांनी मला बोलावलं. "काच कोरी दिसली की गिऱ्हाईक म्हणतं, यंत्र बिघडलं. ठिपका दिसला की म्हणतं, चालू आहे. मला ठिपका हवा."

"पण तो चुकीचा असू शकतो."

"किती वेळा?"

"ओल्या गवतात... बऱ्याचदा."

"आणि कोरड्यात?"

"कोरड्यात क्वचित."

"आल्झो," मालक म्हणाले. म्हणजे मग झालं तर.

मी एका तिसऱ्या प्रहरात तो बदल काढून टाकला. दोन उत्तरं आली तर पहिलं धरायचं, असं लिहिलं. मला कोणी धमकी दिली नव्हती. नोकरी जाणार नव्हती. मला फक्त त्या खोलीतून लवकर बाहेर पडायचं होतं आणि मालकांनी माझ्याकडे पुन्हा पहिल्यासारखं बघायला हवं होतं. बासष्ट वर्षांच्या माणसाला हे हवं असतं, हे लिहिताना मला स्वतःची शिसारी येते.

टूलमेकरला मी सांगितलं, "थोडा बदल केला आहे. पास्ट शो."

त्यानं माझ्याकडे बघितलं, झारी उचलली आणि कुरणात गेला. संध्याकाळी कागद घेऊन माझ्या खोलीत आला. वीस बाण, त्यातले अकरा एक वीत खाली. प्रत्येक बाणाचं माप सेंटिमीटरमध्ये लिहिलेलं. खाली 'एन.ई.ओ.'च्या चौकटीत खूण, तिच्यावर दोनदा पेन फिरवलेलं. नियमानं हा कागद गुणवत्ता विभागात द्यायचा असतो, तिथे शिक्का बसतो आणि मग तो कोणालाच गिळता येत नाही. तो तिकडेच निघाला होता. वाटेत माझी खोली लागते म्हणून आधी मला दाखवायला आला. मित्र म्हणून.

"माझ्याकडे दे," मी म्हणालो. "मी स्वतः नेऊन घालतो. मालकांशी आधी बोलतो, म्हणजे तुला त्रास नको."

हे मी 'डू' वापरून म्हटलं. त्या वेळी ते सहज जमलं.

त्यानं कागद दिला. मी तो टेबलाच्या खालच्या खणात ठेवला, जुन्या केबलींखाली. आठवड्याभरात माल रवाना झाला.

व्हिडिओ आला तो शरद ऋतूत. एका गिऱ्हाइकानं पाठवला होता, तक्रार म्हणून, पण तक्रार करतानाही त्याचा सूर चेष्टेचा होता. मजकूर एवढाच: तुमचं यंत्र छान पेटतं. मी तो जेवणाच्या सुट्टीत बघितला, समोर पोळी-भाजीचा डबा उघडा होता. जंगलाच्या कडेला ओलं गवत, त्यात एक हरिणी मान खाली घालून चरते आहे. काचेवर हिरवा ठिपका पेटतो, माझा ठिपका, अगदी तिच्या छातीवर. मग धप्प असा ओला आवाज. ती उडाली आणि उतरली ती तीन पायांवर. चौथा लोंबत होता. कॅमेरावाला तिच्यामागे चालत होता, पळत नव्हता, चालत होता, आणि दुसऱ्या कोणाला तरी सांगत होता की जाऊ दे, बसेल कुठेतरी, मग घेऊ. मधेच तो हसला. चार मिनिटांचा व्हिडिओ. शेवटी ती बसत नाही. झाडीत शिरते आणि कॅमेरा बंद होतो.

डबा मी कचऱ्यात ओतला. मला आधी किळस आली ती त्या हसणाऱ्या माणसाची. त्याच्या टोपीची, त्याच्या च्युइंग गमच्या आवाजाची. दोन दिवस मी त्याचा मनसोक्त तिरस्कार केला. त्यात फार आराम होता.

तिसऱ्या दिवशी मीटिंग लागली. मालक, मी, गुणवत्ता विभागाची प्रमुख बाई आणि टूलमेकर. मालकांनी व्हिडिओ पूर्ण दाखवला नाही, बाण लागतो तिथे थांबवला. पडद्यावर हरिणी हवेत थांबलेली.

"उंच ओल्या गवतात चाचणी झाली होती का?" त्यांनी विचारलं. "या रूपात, जे विकलं त्या रूपात?"

बाई म्हणाली, "माझ्याकडे कागद नाही. जुना आहे, 'ई.ओ.'चा. नवा नाही."

टूलमेकरनं माझ्याकडे बघितलं. त्याच्या बघण्यात आरोप नव्हता. आता मी बोलणार, कागद काढणार, एवढीच साधी वाट तो बघत होता. बसथांब्यावर माणूस बस येण्याच्या दिशेनं बघतो तसं.

खण माझ्या खोलीत होता, तीस पावलांवर.

मी त्याच्याकडे वळलो आणि म्हणालो, "तुम्ही मला तसं काही लेखी दिल्याचं मला आठवत नाही. दिलं होतंत का तुम्ही?"

'झी'. सगळ्यांसमोर, त्याच्या आडनावासकट, आधी 'हेर', म्हणजे 'श्रीयुत', लावून. अडीच वर्षांच्या 'डू'नंतर. इथे जन्म न काढलेल्याला हे कदाचित कळणार नाही. थोबाडीत मारली असती तर बरं, असं ते असतं. बाईनं मान वर करून आमच्याकडे आळीपाळीनं बघितलं. आम्ही एकमेकांना काय म्हणतो ते अख्ख्या कंपनीला माहीत होतं.

त्याचे कान लाल झाले. मग तो शांतपणे म्हणाला, "नाही, हेर इंजेनियर. मग दिलं नसेल."

मालक म्हणाले, "श्लाम्पिश." म्हणजे गबाळं काम, निष्काळजी काम. त्याच्या तोंडावर म्हणाले. ज्या माणसानं एकोणपन्नास वर्षांत एक मापही अंदाजानं लिहिलं नव्हतं त्याच्या नावाला हा शब्द त्या सकाळी चिकटला, आणि चिकटवणारा डिंक माझा होता.

त्याच्या निवृत्तीला थोडेच महिने उरले होते. त्याला कोणी काढलं नाही. फक्त चाचण्यांचं काम काढून घेतलं आणि गोदामात स्क्रू मोजायला बसवलं. गाव लहान; पार्कूरच्या क्लबात धनुष्यांच्या दोऱ्यांची आणि बाणांची सुरक्षा तपासणी तो वर्षानुवर्षं करायचा, ती त्यांनी हळूच दुसऱ्याकडे दिली. निरोपाचा केक त्यानं आणला नाही. शेवटच्या दिवशी आपला डबा आणि मापं घ्यायची आपली कॅलिपर घेऊन तो बाजूच्या दारानं गेला. मी खिडकीतून बघितलं आणि पडदा ओढला.

कागद मी त्याच संध्याकाळी फाडला.

पुढच्या आवृत्तीत कोरी काच परत आली. दोन उत्तरं, तर ठिपका नाही. जाहिरात करणाऱ्यांनी तिला 'डेंकपाउझे' असं नाव दिलं, विचार करायला घेतलेली विश्रांती, आणि गिऱ्हाइकांना ते फार आवडलं. 'जबाबदार शिकार' असं पुस्तिकेत छापलं. नाताळच्या समारंभात मालकांनी या कल्पनेबद्दल माझं नाव घेतलं, टाळ्या वाजल्या आणि मला एक भेटीची टोपली मिळाली. घरी उघडली तर वर जॅम, बिस्किटं, आणि तळाशी हरणाच्या मांसाचं सॉसेज, लाल फीत बांधलेलं.

"शी!" बायको म्हणाली. "अहो, हे आधी बाहेर ठेवा. कोणी दिलं तुम्हाला हे?"

"कंपनीनं."

"कशाबद्दल?"

मी तिला त्या दिवशी अर्धी गोष्ट सांगितली. व्हिडिओ सांगितला, मीटिंग सांगितली, टूलमेकरवर ठपका आला तेही सांगितलं. "मला खरंच कागद आठवला नाही," असं सांगितलं. आणि 'झी'बद्दल ती म्हणाली, "मग त्यांना वाईट वाटलं असेल," तेव्हा मी म्हणालो, "अगं, सवयीनं 'तुम्ही' निघून गेलं. मोठा माणूस, चार लोकांत, तूच म्हणायचीस ना?"

तिला ते पटलं. कोणत्याही मराठी माणसाला पटेल. म्हणूनच हे खोटं इतकं घाणेरडं आहे. आईवडिलांनी शिकवलेल्या अदबीच्या मागे मी दडलो, आणि त्यात बायकोलाही ओढलं. खरं असं आहे की त्या सकाळी 'डू' माझ्या जिभेवर तयार होता. मी तो गिळला. 'डू' म्हटलं असतं तर पुढचं वाक्य बोलताच आलं नसतं. 'तुम्ही'नं त्याला टेबलाच्या पलीकडे ढकललं, बरोबर हवं तेवढं लांब. अंतर मोजायचा माझा धंदाच होता.

निवृत्त झाल्यावर दुसऱ्या वर्षी मी त्याच्या गावी गेलो. वसंत ऋतू होता. गाडीत मी वाक्य पाठ करत होतो, मोठ्यानं. पण वाक्य पहिल्याच शब्दाला अडत होतं. 'डू' म्हणण्याचा हक्क मी घालवला होता. 'झी' म्हणून माफी मागायची म्हणजे ती थोबाडीत पुन्हा मारायची. पन्नास किलोमीटर मी सर्वनामाशी भांडत होतो, सर्वनाम टाळून चालेल का असाही विचार केला, आणि रेल्वे स्टेशनची घोषणा आठवून गाडी बाजूला लावावी लागली.

तो बागेत होता. बाकावर एक फोमचं रानडुक्कर आडवं टाकून त्याच्या पोटातली भोकं बुजवत होता. पार्कूरवाल्यांनी तेवढं काम त्याच्याकडे ठेवलं होतं. कुंपणाशी मला बघून त्यानं पटाशी खाली ठेवली.

"ग्र्यूस गॉट," त्यानं इथला नमस्कार केला. "काय काम काढलंत?"

'झी'.

मी म्हणालो, "जवळून जात होतो."

"असं."

"तब्येत ठीक?"

"गुडघे. बाकी ठीक."

मग बराच वेळ आम्ही दोघंही त्या डुकराकडे बघत राहिलो. शेवटी तोच म्हणाला, अगदी साध्या आवाजात, हवामान सांगावं तसा, "त्या कागदाची प्रत आहे माझ्याकडे. मी नेहमीच दोन लिहायचो."

तीन वर्षं तो कागद त्याच्या घरात होता. त्या मीटिंगच्या दुसऱ्या दिवशी तो आणून टेबलावर ठेवला असता तर माझं सगळं संपलं असतं.

"मग दाखवला का नाहीत?" मी विचारलं. 'नाहीत'. तेव्हाही.

"मी तुम्हाला 'डू' देऊ केलं होतं, हेर इंजेनियर," तो म्हणाला. "ज्याला ते दिलं त्याच्याविरुद्ध कागद काढत नाहीत. आमच्यात."

आमच्यात. मी त्याला बाकावर बसून आमच्यात काय करतात ते सांगितलं होतं, त्याचं हे उत्तर होतं. तो चिडलेला नव्हता. त्याला माझा वीट आला होता, इतकंच, आणि तोही जुना झाला होता.

मी कुंपणाची फळी धरली. ती हलत होती. मी म्हणालो, "हे फाटक दुरुस्तीला आलंय."

"पास्ट शो," तो म्हणाला आणि पटाशी उचलली.

मी परत आलो. नंतर पाच नाताळांना मी कार्ड विकत आणलं आणि एकही टाकलं नाही. गेल्या पानगळीत स्थानिक वर्तमानपत्रात काळ्या चौकटीत त्याचं नाव दिसलं. अंत्यविधीला मी मागच्या रांगेत उभा होतो. त्याच्या बायकोनं हात हातात घेतला आणि विचारलं, "तुम्ही कंपनीतले का?" मी "हो" म्हणालो आणि रांग पुढे सरकली.

घरी येऊन बायकोला सगळं सांगितलं, उरलेलं अर्धं, आणि सवयीचं ते खोटंसुद्धा. ती बराच वेळ टेबलावरचे पुसलेले चमचे पुन्हा पुसत होती. मग म्हणाली, "मला कशाला सांगताय? मी कोण आहे त्यात?" आणि थोड्या वेळानं, "माझी अदब वापरलीत तुम्ही." त्यानंतर तिनं चहा केला, एकच कप, स्वतःचा.

ती म्हणते ते बरोबर आहे. हे तिला सांगायचं नव्हतं आणि वाचणाऱ्यांनाही नव्हतं. कुंपणाशी उभं राहून, त्या डुकराकडे न बघता, त्याच्याकडे बघून सांगायचं होतं. जर्मनमध्ये सांगायचं होतं, पण पहिला शब्द आता मराठीत लिहितो, कारण इथे तो मला टाळता येत नाही:

तू कागद दिला होतास. माझ्या हातात दिला होतास. अकरा बाण एक वीत खाली गेले होते, आणि तू प्रत्येकाचं माप लिहिलं होतंस. तुझं काम गबाळं नव्हतं. मला सगळं आठवत होतं. तू माझ्याकडे बघितलंस तेव्हाही आठवत होतं. मला माफ कर.